उंची कुठून मोजायची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. कुणी ड्रोनचा विषय काढला की मी चष्मा पुसायला घेतो किंवा पाणी प्यायला उठतो. हल्ली लग्नात फोटो काढायला ते यंत्र मांडवावर घिरट्या घालतं, तेव्हा मी बाहेर जाऊन चपलांपाशी उभा राहतो. घरच्यांना वाटतं, मला आवाज सोसत नाही. मी तसं वाटू दिलं. आता ज्या माणसाला हे सांगायचं होतं तो गेला आहे. म्हणजे लिहून कुणाचं भलं होणार आहे अशातला भाग नाही. पण घडलं ते एक आणि लोकांच्या डोक्यात बसलं ते दुसरंच, आणि खरं काय ते ठाऊक असलेली दोनच माणसं आहेत. त्यातला एक मी, आणि माझी तब्येत बरी नसते.

मी जन्मभर जमिनीची मोजणी केली. दुर्बीण तिकाटण्यावर ठेवायची, समोर माणूस पट्टी धरून उभा करायचा, आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत उंची वाहून न्यायची, हे माझं काम. आमच्या कामात उंची म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. समुद्र इथून कितीतरी लांब, पण कन्नडच्या डोंगरातल्या दगडावरही त्याचाच हिशेब कोरलेला. दगड हलत नाही, म्हणून त्याची उंचीही हलत नाही. उंची जागेची असते, बघणाऱ्याची नसते, असं मी नव्या पोरांना शिकवायचो आणि ते वाक्य मला फार आवडायचं.

निवृत्तीनंतर क्रांती चौकाजवळच्या एका छोट्या कंपनीनं मला सल्लागार म्हणून घेतलं. शहराचं नाव तेव्हा अजून जुनंच होतं. कंपनी ड्रोनने पाहणी करून द्यायची: तलाव, रस्ते, पाइपलाइनी. मालकाला माझ्या ज्ञानापेक्षा माझे पांढरे केस हवे होते. सरकारी कचेरीत मी सोबत असलो की खुर्ची मिळायची.

ड्रोन उडवायची ती. तिशी ओलांडलेली, बिडकीनहून रोज बसने येणारी. लग्न मोडून माहेरी परतली होती. गावानं नावं ठेवली, पण वडील पाठीशी उभे राहिले आणि त्यांनीच तिला हे शिक्षण घ्यायला लावलं. वडील एसटीत ड्रायव्हर होते. कन्नडच्या घाटात त्यांची हयात गेली आणि गाडीला ओरखडा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला होता. ती त्यांना आबा म्हणायची. तिच्या बोलण्यात आबा आल्याशिवाय दिवस जायचा नाही.

पहिल्या आठवड्यातच मी तिला विचारलं होतं की ठरवून दिलेल्या वाटेवर यंत्र आपलं आपण जातं म्हणजे नेमकं कसं जातं. तिनं माझा उंच डबा आणि स्वतःची बुटकी डबी टेबलावर लांब लांब ठेवली, मध्ये पाण्याची बाटली उभी केली, आणि डबीपासून डब्याच्या झाकणापर्यंत दोरा ताणला. दोरा बाटलीला अडला.

"हे आंधळं आहे काका. एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना अशी तिरपी सरळ दोरी धरतं. मधी डोंगर आला, झाड आलं, त्याला काय कळत नाय."

"मग?"

"मग चढताना आधी जागच्या जागी उभं वर जायचं, नंतर आडवं पुढं. उतरताना उलटं. आधी आडवं जाऊन मोकळ्या जागी पोचायचं, मग उभं खाली. मधी एक पॉइंट जास्तीचा टाकावा लागतो, पायरीसारखा."

"बॅटरी जास्त जाईल."

"जाऊ द्या ना. आबा म्हणतात, गिअर घाटाच्या पायथ्याशी बदलायचा. चढावर बदलायला गेलं की गाडी मागं येती."

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. यंत्र उंची मोजतं ती जिथून उडालं तिथून. मला ते पटेना. समुद्रसपाटीपासून का नाही?

"त्याला समुद्र माहीत नाय काका. जिथून पाय सुटले, तेच त्याचं शून्य." आणि हसून म्हणाली, "मराठवाड्यातलं यंत्र आहे. समुद्र बघितलाच नसंल."

मीही हसलो. ऐकलं सगळं, पण आत घेतलं नाही. एवढ्या वर्षांची माझी उंची एक बाई डब्याच्या झाकणावर मोडून दाखवते, हे आत घ्यायला जागा नव्हती.

काम कन्नडजवळच्या डोंगरातल्या एका गावात होतं. पायथ्याच्या तलावातून वरच्या पठारावर पाणी न्यायचं होतं, त्या वाटेची पाहणी. डोंगराच्या खांद्यावर पाण्याच्या टाकीचं अर्धवट बांधकाम होतं. ओटा झालेला, खांबांतून लोखंडी सळ्या वर आलेल्या. तिनं सगळी वाट त्या ओट्यावरून उडायचं धरून आखली होती. तिथून तलावही दिसत होता आणि पठारही. आधी तलावावरून फेरी, मग तिथंच उभं वर चढायचं, ओट्यावरून खूप उंचावरून आडवं जायचं, आणि पठार.

ती ओट्यावरची जागा बघायला पायवाटेनं पुढे गेली. यंत्राची पेटी घेऊन मी गावच्या जीपमधून फेऱ्याच्या रस्त्यानं जायचं होतं. निघताना तिनं सांगितलं, "पेटी उघडू नका काका, मी वरती उघडते." पेटीला कुलूप नव्हतं. तिचा दोष शोधायचाच तर एवढाच सापडेल.

लोकांनी जीप पायथ्याच्याच मारुतीच्या देवळापाशी थांबवली. तिथं सरपंच, चार म्हातारे, शाळा सुटलेली पोरं. नारळ, हळदकुंकू तयार.

"साहेब, पाण्याचं काम हाय. नारळ फोडल्याबिगर कसं?"

मी म्हणालो फोडा. पेटी उघडून यंत्र पारावर ठेवलं, त्याला कुंकू लागलं, नारळ फुटला. मी ते पुन्हा पेटीत ठेवायला लागलो तर सरपंचांनी हात धरला.

"आता नाय हलवायचं. बोअरच्या गाडीला नारळ फोडला की तिथंच दांडा सोडत्यात. फोडून गाडी पुढं नेली तर पाणी लागत नाय. मागं एकदा नेली व्हती, लागलं का?"

"धुरळा लागला," एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

मी तिला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही, मग लागला. मी सांगितलं, लोक इथूनच उडवा म्हणतात.

"नको काका." ती लगेच म्हणाली. "सगळ्या उंच्या ओट्यावरून धरल्यात. खालून उडालं तर सगळं खाली सरकंल. नका उडवू. मी येते खाली, आकडे बदलते, मग..."

फोन तुटला.

हे मी स्वच्छ ऐकलं. पुढे मी जेव्हा जेव्हा नीट ऐकू आलं नाही म्हणालो, तेव्हा ते खरं नव्हतं.

फोन कानालाच होता. समोर सगळे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला इचारल्याशिवाय साहेबाचं इमान उडत नाय वाटतं." पोरं खिदळली. सरपंच पोरांवर ओरडले, पण त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. आणि मी त्या मेलेल्या फोनमध्ये मोठ्यानं बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "बरं, बरं. उडवतो मग."

असं का केलं याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. माणसं हसली, एवढंच सापडतं. त्याच्या खाली अजून एक गोष्ट होती. मला वाटत होतं, उंची जागेची असते. तलाव जिथं आहे तिथंच आहे, डोंगर जिथं आहे तिथंच आहे. यंत्र कुठून उडालं यानं डोंगराला काय फरक पडतो?

सकाळी तिनं आखलेली वाट पेटीतल्या रिमोटमध्ये भरलेलीच होती. सुरू कसं करायचं हे तिनंच मला हौसेनं दाखवलं होतं. मी बटण दाबलं. यंत्र उठलं, तलावावर गेलं, सुरेख फेरी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर उंचीचा आकडा बघितला तर तिनं ठरवला होता तोच. आकडा बरोबर होता. शून्य चुकलं होतं.

खिशात फोन वाजायला लागला. तिचा होता. दोन्ही हात रिमोटवर होते. मला वाटलं, यंत्राचा आवाज ऐकून रागवायला फोन केला असेल. वाजू दिला.

यंत्र तलावाच्या टोकाला थांबलं आणि जागच्या जागी उभं वर चढलं. तिची पायरी. तिच्या हिशेबात ती पायरी ओट्यापेक्षा वीस मजली इमारतीएवढी उंच होती. पण पायथा आणि ओटा यांच्यात अंतरही जवळजवळ तेवढंच. त्यामुळे सुरक्षिततेसाठी ठेवलेली ती पायरी नेमकी ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला आली. आणि मग यंत्र आडवं निघालं, तिच्याकडे.

मला ती खालून दिसत होती. दोन्ही हात हलवत होती. सरपंच म्हणाले, "ताई खूश झाली बगा." थांबवायचं बटण कुठलं हे मला माहीत होतं, तेही तिनंच शिकवलं होतं. माझा अंगठा त्या बटणापासून इंचभर अंतरावर होता. मी पडद्यावरच्या बरोबर आकड्याकडे बघत राहिलो.

ती खांबामागे वाकली. यंत्र सळ्यांवर आदळलं. त्याच्या पात्याचा तुकडा उडाला तो तिच्या डाव्या डोळ्यात गेला.

शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती जीपमध्ये माझ्या बायकोच्या वयाच्या गावातल्या एका बाईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. ओरडली नाही. एकदाच म्हणाली, "काका, मी नको म्हटलं होतं ना." मी म्हणालो, "हो गं, हो." ते "हो" मी एकदाच खरं बोललो आणि ते ऐकणारी ती एकटीच होती. त्या बाईला यातलं काही कळलं नाही.

डोळा वाचला नाही.

विम्याचा माणूस आला तेव्हा मालकानं मला आत बोलावलं. प्रश्न मालकानंच विचारला आणि उत्तरही त्यानंच दिलं. "काका, फोनवर तिनं उडवा म्हणून सांगितलं ना? गावातल्या सगळ्यांनी ऐकलंय, तुम्ही ‘बरं, उडवतो’ म्हणालात." गावकरी खोटं बोलले नव्हते. त्यांनी ऐकलं तेच सांगितलं होतं. मी म्हणालो, "हो."

तिनं तिचं म्हणणं सांगितलं. पण एका बाजूला ती, बिडकीनची, लग्न मोडलेली. दुसऱ्या बाजूला मी, माझं वय, माझं आडनाव, माझी सरकारी नोकरी. कुणी फार वेळ घेतला नाही. पायलटनं बेजबाबदारपणे परवानगी दिली, असं ठरलं. नोकरी गेली. भरपाई मिळाली नाही. एका डोळ्यावर पुन्हा उडवायला मिळालं असतं की नाही ठाऊक नाही, पण ते विचारायलाही आता कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं.

महिन्याभरानं तिचा फोन आला.

"काका, मला कंपनीकडून काय नको. तुम्ही साहेब लोकांना काय सांगितलं तेबी जाऊ द्या. फक्त एकदा घरी येऊन आबांना सांगा, मी नको म्हटलं होतं. ते माझ्याशी बोलत नायत. बाकी कुणाला नका सांगू."

मी म्हणालो, येतो. आणि गेलो, हे माझ्या बाजूनं म्हणता येईल एवढंच.

घर छोटं, नीटनेटकं. फोटोखाली बिल्ला होता, पुसून चकचकीत. आबा उठून उभे राहिले, हात जोडले. "जय भीम साहेब. तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, मीच येणार होतो. आमच्या पोरीपायी तुमच्यासारख्या माणसाला म्हातारपणी जबाब द्यावा लागला. माफ करा."

मी म्हणालो, "तसं नाही हो..."

"तसंच आहे. मी तिला एकच शिकवलं होतं साहेब. चाक दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाय. कंडक्टर किती का हुशार असंना. अन् दिलं, तर मग गाडी कुठंबी धडको, चूक ड्रायव्हरची. डोळा गेला त्याचं दुःख हायेच. बापाला नसंल का? पण ही म्हणती, मी नको म्हटलं होतं. चूक करून वर खोटं, हे आमच्या घरात नव्हतं."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळ्यावर पट्टी. उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती.

"आता तुम्हीच सांगा," आबा म्हणाले. "तिच्यासमोर सांगा. म्हणाली होती का ती नको?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न येणार होता, मग तुम्ही का उडवलं, आणि तो हा माणूस विचारणार होता, ज्याच्या गाडीला ओरखडा नव्हता.

मी म्हणालो, "रेंज नीट नव्हती हो. तेव्हा काय ऐकू आलं, आता नक्की आठवत नाही."

आबांनी पुन्हा हात जोडले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बघ. अजून सांभाळून घेतात तुला."

तिनं चहा आणून माझ्यापुढे ठेवला. "साखर कमी टाकलीय काका," म्हणाली. ऑफिसात मला साखर कमी लागायची, ते तिच्या लक्षात होतं. मी कप संपवला. एक थेंब ठेवला नाही.

त्यानंतर मी बिडकीनच्या बसमध्ये पुष्कळदा बसलो. स्टँडवर उतरायचो. कधी तिथंच बाकावर बसून परतीची बस धरायचो, कधी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो. एकदा आबा लांबून दिसले, पिठाची पिशवी घेऊन चालले होते. मी पानाच्या टपरीआड झालो. मी पान खात नाही. टपरीवाला म्हणाला, "कोणतं देऊ बाबा?" मी एक साधं पान घेतलं आणि हातात धरून घरी आलो.

एकदा क्रांती चौकात ती दिसली. काळा चष्मा, हातात झेरॉक्सचे गठ्ठे, सिग्नल सुटायची वाट बघत. मी तिच्या अगदी डाव्या अंगाला उभा होतो. डावीकडचं तिला दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. दोन पावलं पुढे टाकून उजवीकडे जाता आलं असतं. सिग्नल सुटला, ती रस्ता ओलांडून गेली. मी डावीकडेच होतो.

आबा गेल्याचं जुन्या ऑफिसातल्या एकाकडून कळलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. वंदना झाली. मग त्यांच्याबरोबर नोकरी केलेले एक म्हातारे ड्रायव्हर बोलायला उठले. म्हणाले, "घाटात आमच्या गाड्या घासल्या, याची नाय. आम्ही विचारायचो, कसं काय? तर म्हणायचा, माझ्या चाकाला दुसऱ्याचा हात लागत नाय." लोक डोळे पुसत होते. ती पुढे पांढऱ्या साडीत बसली होती, ताठ.

निघताना तिची दारात गाठ पडली.

"जेवून जा काका."

"मला तुझ्याशी..."

"आता कुणाला सांगता?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "आबा शेवटी शेवटी बोलले माझ्याशी. माझा हात धरून म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं, मी तुला माफ केलं."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."

मग कुणीतरी तिला हाक मारली आणि ती आत गेली. मी जेवलो नाही.

आबांना सांगायचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. बिडकीनच्या बसमध्ये जाताना आणि येताना मी ते इतकं घोकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. पहिल्यांदा लांबलचक होतं. त्यात रेंज होती, नारळ होता, हसणारी पोरं होती, समुद्रसपाटी होती. एक एक करून मी ते सगळं काढून टाकलं. शेवटी उरलं ते एवढंच. ते ऐकायला आता कुणी नाही, आणि तिला ते नको आहे.

तुमच्या मुलीनं नको म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. तिनं चाक माझ्या हातात दिलं नव्हतं, मी ते घेतलं. मला माफ करा.